अर्धी सही

डॉक्टरांचा उजवा हात निजला तेव्हा पावणेचार वाजले होते, आणि पाचला हेडक्लार्क खिडकी बंद करणार होते. हे डॉक्टर म्हणजे पेशंट तपासणारे नव्हेत हं. नसांमधून धावणारा संदेश थोडा वेळ अडवायचा आणि गोळीशिवाय दुखणं थांबवायचं, या एका नादापायी त्यांनी बारा वर्षं घालवली होती. आज मुदतवाढीचा अर्ज गेला नाही तर उद्यापासून प्रयोगशाळेत जुनी कपाटं ठेवायची, हे ठरलेलंच होतं.

यंत्र बायकोनं बनवलेलं. प्रकल्पात ती त्यांची सहायक. कोपराशी पट्टा बांधायचा. नुसती वीज सोडली तर हात आधी ताडकन उडतो आणि मग गप्प होतो. म्हणून अगोदर डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडानं नस जराशी तापवून शांत करायची, मग वीज. बटण बंद केलं की मिनिटाभरात हात जागा. इतकं सोपं.

पण सोपं ते सोपं राहू देतील तर ते डॉक्टर कसले! प्रयोग पाहायला आलेल्या तिघांच्या समितीचे डोळे दिपले पाहिजेत म्हणून त्यांनी ठरवलं, सही करता करता हात थांबवायचा आणि जागा झाला की उरलेली सही पुरी करायची. आणि सही कशावर? तर मुदतवाढीच्या अर्जावरच!

"अहो, एखादा कोरा कागद घ्या की," बायको म्हणाली.

"कोऱ्या कागदात काय मजा?"

सही अर्ध्यात थांबली, पेन गळून पडलं, समितीनं टाळ्या वाजवल्या. इथेच बटण बंद करायचं होतं. पण अध्यक्षांनी डॉक्टरांच्या बोटाला चिमटा काढला.

"दुखतंय?"

"छे!"

मग काय, तिघांनाही चेव आला. एकानं टाचणी टोचली, एकानं मनगटावरचे केस उपटले. बायको बटणाकडे गेली की अध्यक्ष म्हणायचे, "थांबा हो बाई, माझा एक चिमटा राहिलाय!" बटण बंद झालं तेव्हा पंचवीस मिनिटं उलटली होती. इतका वेळ दामटून निजवलेली नस मिनिटाभरात कशाला उठतेय? डॉक्टरांनी हात चोळला, झटकला, शेवटी त्याच्या विनवण्या केल्या. पावणेपाचला सगळी वरात हेडक्लार्कच्या खिडकीशी पोचली.

"अर्धी सही चालत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"दुसरा फॉर्म द्या."

"एका प्रकल्पाला एकच."

"डाव्या हातानं पुरी करतो."

"नमुन्याशी जुळायला हवी."

"अहो, बारा वर्षं गेली माझी! यंत्र चाललं, सगळ्यांनी पाहिलं. ते चाललं म्हणूनच सही होत नाहीये!" डॉक्टरांचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्यांनी चुकून उजवाच हात उचलायला घेतला. तो हलला नाही.

हेडक्लार्कना दया आली. "एक वाट आहे. डाव्या हाताचा अंगठा उठवा. पण तो फक्त निरक्षरांचा चालतो. दोन साक्षीदारांनी तसं लिहून द्यायला हवं."

चिमट्यांमुळे ओशाळलेल्या अध्यक्षांनी मुकाट्यानं लिहिलं, 'अर्जदारास लिहिता-वाचता येत नाही.' खाली टाचणीवाल्यांनीही सही ठोकली.

"आणि ही अर्धी सही?" बायकोनं विचारलं.

"शिकण्याचा प्रयत्न केलेला दिसतो, असा शेरा मारतो," हेडक्लार्क म्हणाले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना अर्ज आत गेला. साडेपाचला हात उठला आणि सगळे चिमटे एकदम दुखू लागले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. डॉक्टरांनी ते तीनदा वाचलं. प्रकल्पाला तीन वर्षांची मुदतवाढ. मात्र प्रमुख निरक्षर असून चालत नाही, सबब कार्यभार सहायक बाईंकडे. निरक्षर अर्जदारास प्रयोगाकरिता हात देण्याच्या कामावर ठेवण्यास हरकत नाही.

"चला, प्रयोगशाळा तरी वाचली," डॉक्टर कसंबसं म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेनऊला ते कामावर हजर झाले. नव्या प्रमुखांनी हजेरीचं पुस्तक पुढे सरकवलं. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.

"अहो, सही नका करू," बायको हळूच म्हणाली आणि तिनं शाईचा पॅड उघडला. "तुमचा अंगठा लागतो."