साहित्यात नसलेलं मांजर

नाशकात नदीकाठी पूजा सांगताना यजमान चुकला, तर यज्ञेश्वर गुरुजी सरळ त्याचा हात धरून पाणी सोडायला लावत. पण कॅनडातल्या हर्षलचा हात इंदिरानगरातल्या आपल्या घराच्या हॉलमधून धरणार कसा? म्हणून सत्यनारायणाला बसताच त्यांनी समोरच्या फोनकडे बघून दम भरला, "मी करीन तसंच करायचं, म्हणेन तसंच म्हणायचं. मध्येच प्रश्न नकोत."

"हो गुरुजी," हर्षल आणि त्याची बायको सायली एका सुरात म्हणाले. दोघंही तिकडेच वाढलेले, पण नव्या घराची पूजा त्यांना यथासांग हवी होती. गुरुजींची ही पहिलीच ऑनलाइन पूजा. ही नीट पार पडली, तर हर्षलचे मित्रही रांगेत होते.

बर्फीला, म्हणजे घरातल्या लाडावलेल्या मांजरीला, गुरुजींनी आधीच बेडरूममध्ये कोंडलं होतं. पण गुरुजींच्या पत्नी श्यामलाबाई चष्मा आणायला आत गेल्या आणि दाराची फट बर्फीला पुरली.

ती आली ती थेट पंचामृतावर.

"हट्!" गुरुजींनी हात उगारला.

"हट्!" कॅनडातून हात उगारले गेले.

गुरुजी खुलासा करणार, तोच बर्फीने विड्याच्या पानावरची गणपतीची सुपारी पंजाने उडवली. सुपारी सोफ्याखाली, बर्फी तिच्यामागे आणि सोवळं सावरत गुरुजी बर्फीमागे. पालथे पडून त्यांनी सोफ्याखाली हात घातला.

"साष्टांग नमस्कार असेल का गं?" फोनमधून हर्षलची कुजबुज आली.

"प्रश्न नको म्हणालेत ना! आडवा हो."

"श्यामले, आवर तुझ्या बयेला!" गुरुजी ओरडले.

"श्यामले, आवर तुझ्या बयेला," फोनमधून भक्तिभावाने उमटलं.

श्यामलाबाई धावत आल्या. "अहो, ओरडताय काय? बुजते ती!"

"ती बुजते? मी इथे—आई गं!" बर्फीने हातावर नखं उमटवली होती.

"आई गं!" तिकडूनही आलं.

अखेर सुपारी सापडली, पण तिला चिकटलेले केस बघून गुरुजींनी ती बाजूला टाकली आणि नवी घेतली. धापा टाकत ते पाटाशी परतले, तर बर्फी पाटावर गोल होऊन झोपलेली. ते फरशीवरच बसले. आता खरं काय ते सांगून माफी मागावी, म्हणून त्यांनी फोनकडे पाहिलं. पडद्यावर घामाघूम झालेला हर्षल हात जोडून उभा होता.

"गुरुजी, बाकी सगळं केलं. पण साहित्यात तुम्ही मांजर सांगितलं नव्हतंत. शेजाऱ्यांचं आणू का?"

गुरुजींनी ओरखडलेल्या हाताकडे पाहिलं, पाटावरच्या बर्फीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"नको, नको. जे हाताशी नाही, त्याच्याऐवजी अक्षता वाहायच्या. घ्या हातात. म्हणा, मार्जारार्थे अक्षतान् समर्पयामि."