आधीच मानलेले आभार

त्या शुक्रवारी प्रार्थनेची पाळी तंकच्चनच्या घरी होती. लाँग आयलंडच्या त्या भागात केरळहून आलेली पस्तीसएक ख्रिस्ती घरं. दर शुक्रवारी संध्याकाळी एकेकाकडे जमायचं, गाणी म्हणायची, अच्चनने, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, प्रार्थना सांगायची आणि मग कप्पा, म्हणजे उकडलेला कंद, आणि मासळीची आमटी चापायची, हा क्रम वीस वर्षांत कधी चुकला नव्हता. दारात चपलाबुटांचा ढीग पडला होता, आत जमिनीवर चादरी अंथरल्या होत्या आणि यजमान तंकच्चन घाम पुसत उभा होता.

घाम गर्दीचा नव्हता. तारीख एकोणतीस एप्रिल होती आणि एक मेपर्यंत मेरिनने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, कुठे शिकायचं ते कळवायचं होतं. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, जिथे आठ महिने बर्फ असतं, तिथल्या एका लहानशा कॉलेजने तिला आठ वर्षांची सलग जागा दिली होती. आधी चार वर्षांची पदवी आणि पुढे डॉक्टरकीची चार वर्षं, मध्ये पुन्हा झगडणं नाही. दुसरीकडे बॉस्टनचं ते मोठं विद्यापीठ, ज्याचं नाव ऐकून लोक आदराने भुवया उंचावतात. तिथे फक्त चार वर्षांची पदवी. पुढे डॉक्टरकीला जागा मिळेल न मिळेल, ज्याचं त्याने बघायचं.

तंकच्चनचं मत काय असणार हे सांगायची गरज नव्हती. तो शहराच्या बस आगारात सत्तावीस वर्षं ब्रेक तपासत होता. विमान रात्री आठचं असेल तर हा माणूस दुपारी दोनला विमानतळावर हजर. त्याच्या दृष्टीने खात्रीची जागा सोडून बॉस्टनला जाणं म्हणजे ब्रेक न तपासता बस उतारावर सोडणं. मेरिन मात्र तीन आठवडे काही बोलत नव्हती, आणि रात्री झोपताना बॉस्टनच्या विद्यापीठाने फुकट दिलेला टी-शर्ट घालत होती.

"नीट ऐका," सोसाम्माने, त्याच्या बायकोने, त्याला स्वयंपाकघरात गाठून बजावलं होतं. ती अतिदक्षता विभागातली नर्स, त्यामुळे तिच्या बजावण्यात दम असे. "आपली पाळी आली की एवढंच म्हणायचं, मेरिनला योग्य निर्णय घेता यावा. पुढे एक अक्षर नाही."

"एक अक्षर नाही," तंकच्चन म्हणाला.

गाणी संपली. अच्चनने डायरी उघडली. त्यांची पद्धत ठरलेली होती. डाव्या पानावर विनंत्या लिहायच्या, उजव्या पानावर आभार, आणि मग सगळं गुंफून एक लांबलचक प्रार्थना करायची. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन डाव्या पानावर गेलं, कुणाचं ग्रीन कार्ड उजव्या. तंकच्चनची पाळी यायच्या आधी शेजारी बसलेल्या इट्टूपने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"काय तंकच्चा, ठरलं का पोरीचं? मोठ्या नावाच्या मागे लागू नकोस बाबा. आमच्या जिथिनला पाठवलं होतं ना. तीन वेळा अर्ज केले डॉक्टरकीला. आता कुठेतरी कॉम्प्युटरवर बसतो."

तंकच्चनच्या डोळ्यांसमोर मेरिन कुठेतरी कॉम्प्युटरवर बसलेली दिसू लागली. तेवढ्यात अच्चनने मान वर केली. "हं, तंकच्चन?"

"मेरिनला..." तंकच्चनने सुरुवात केली. बत्तीस डोकी त्याच्याकडे वळली. "मेरिनला डॉक्टरकीची जागा मिळाली. खात्रीची. त्याबद्दल आभार."

अच्चनने हसून उजव्या पानावर लिहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसाम्माच्या हातातला कटलेटचा डबा तसाच राहिला. जिन्याच्या पायरीवर बसलेली मेरिन उठली, वर गेली, आणि दार लागल्याचा आवाज आला. तंकच्चनने जिवाचा कान करून ऐकलं. पोरगी रडत होती.

पाहुणे गेल्यावर सोसाम्माने भांडी घासता घासता त्यालाही घासून काढलं.

"काय सांगितलं होतं मी?"

"अगं, तोंडातून निघून गेलं. इट्टूपने घाबरवलं मला."

"इट्टूपला शिकायला जायचंय का? अहो, तिने अजून ठरवलंच नाही! आणि तुम्ही आभार मानून मोकळे. बावीस वर्षं डॉक्टर बघतेय मी. बापाने ठरवलं म्हणून डॉक्टर झालेला मला दारातून आत आला की ओळखू येतो."

"कसा?"

"पेशंटकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो."

तंकच्चनला रात्रभर घड्याळाकडे बघणारी मेरिन दिसत राहिली. शनिवारी सकाळी उठून तो हे प्रकरण जागच्या जागी मिटवणार होता. पण बत्तीस माणसांच्या खिशात बत्तीस फोन होते. सकाळी सातलाच केरळातल्या गावाहून, कोळंचेरीहून, त्याच्या धाकट्या भावाचा, जॉयकुट्टीचा फोन आला.

"चेट्टा, व्हॉट्सॲप बघ! बघितलंस?"

तंकच्चनने बघितलं आणि मटकन खाली बसला. गावच्या चौकात, बस थांब्याच्या वर, वीस फुटी फ्लेक्स लागला होता. त्यावर मेरिनचा सातवीतला, दातांना तारा लावलेला फोटो होता. गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवला होता. वर मोठ्या अक्षरांत 'डॉ. मेरिन हिचे हार्दिक अभिनंदन' आणि खाली, मेरिनपेक्षा किंचित मोठा, शुभेच्छुक जॉयकुट्टीचा हात जोडलेला फोटो.

"अरे, तिने अजून कॉलेजचं तोंड नाही बघितलं! डॉक्टर काय लिहितोस?"

"खात्रीची जागा ना? मग आठ वर्षं कशाला थांबायचं? फ्लेक्स तोवर टिकणार आहे का?" जॉयकुट्टी म्हणाला. "आणि आपल्या अम्मचीने नातीसाठी परुमलाच्या चर्चला नवसाच्या मेणबत्त्या लावल्या. आता मागे फिरायचं नाही."

दुपारपर्यंत तो फ्लेक्स दुबई, मेलबर्न आणि डब्लिनला पोहोचला. चर्चच्या महिला मंडळाने रविवारसाठी केक सांगितला. तंकच्चन मेरिनच्या बंद दाराशी गेला आणि हळूच म्हणाला, "बाळा, तुला ते बॉस्टनचंच हवंय ना? खरं सांग. अप्पा रागावणार नाही."

"मला माहीत नाही, अप्पा," आतून आवाज आला. "प्लीज, मला जरा एकटीला राहू द्या."

आता बाप म्हणून एवढं तरी त्याला कळत होतं. माहीत नाही म्हणजे हवंय. शिवाय तो टी-शर्ट, ते रडणं. आपल्या भित्रेपणापायी आपण पोरीचा गळा आवळला, आणि तोही परमेश्वराच्या साक्षीने. त्याने गाडी काढली आणि तडक अच्चनकडे गेला. अच्चन अंगणातलं गवत कापत होते.

"अच्चन, मानलेले आभार परत घेता येतात का?"

अच्चनने यंत्र बंद केलं. "तंकच्चन, मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. मोडलेले आभार नाही पाहिले."

"चुकून उजव्या पानावर गेलं हो! डाव्या पानावर घ्यायचं होतं."

"मी पेनने लिहितो," अच्चन म्हणाले. मग त्याचं तोंड बघून त्यांनी त्याला पायरीवर बसवलं. "पोरीला विचारलंस?"

"विचारलं. माहीत नाही म्हणाली."

"मग तिला खरंच माहीत नसेल. थोडा दम धर."

तंकच्चनच्या मते अच्चन फार भोळे होते. चार माणसांसमोर जे बिघडलं ते चारशे माणसांसमोर दुरुस्त करायचं, असं ठरवूनच तो घरी आला. सोसाम्माला त्याने यातलं काही सांगितलं नाही, कारण तिने एक अक्षरही बोलायचं नाही असं पुन्हा बजावलं असतं.

रविवारी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर सेक्रेटरींनी नेहमीच्या सूचना वाचल्या आणि शेवटी हसून म्हणाले, "आणि आज आपल्या डॉक्टर मेरिनचा केक आहे, कुणी घाईने जाऊ नये." मागे टेबलावर केक दिसतच होता. साखरेचा स्टेथोस्कोप त्यावर वेटोळं घालून बसला होता. तंकच्चन उठला. सोसाम्माने त्याचा कोट धरला, पण तो निसटून पुढे गेला आणि त्याने माईक घेतला.

"भाऊबहिणींनो, शुक्रवारी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "जागा मिळाली हे खरं. पण मेरिनने ती घेतली नव्हती. मी घाबरलो आणि तिच्या वतीने आभार मानून बसलो. मी घाबरटच आहे. विमानतळावर मी किती आधी जातो ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

दोनचार माणसं हसली.

"मेरिन बॉस्टनला जाईल. तिथे तिला जे शिकायचं ते शिकेल. डॉक्टर झाली तर झाली, नाही तर नाही. नापास झाली, मधेच सोडून आली, तरी आमचं दार उघडं आहे. तिची खोली तिचीच आहे. मला पोरगी हवीय. डॉक्टर काय, गरज लागली तर हॉस्पिटलात सोसाम्माच्या ओळखीचे पुष्कळ आहेत."

तो खाली उतरला तेव्हा त्याला धड पुढचं दिसत नव्हतं. पहिल्या रांगेतून इट्टूप उठला. आता हा काय बोलणार म्हणून तंकच्चनने अंग चोरलं. पण इट्टूपने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"मी जिथिनला असं बोललो नाही रे," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, डॉक्टर झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. दोन नाताळ झाले. दाखवलं नाही त्याने." मग तो बाहेर गेला आणि गाडीच्या आडोशाला कुणाला तरी फोन लावताना दिसला.

केक कापायचा की नाही यावर महिला मंडळात थोडी कुजबुज झाली. शेवटी स्टेथोस्कोप चमच्याने खरवडून काढला आणि सगळ्यांनी केक खाल्ला.

परतताना गाडीत सोसाम्मा खिडकीबाहेर बघत अधूनमधून डोळे टिपत होती. तंकच्चनला सत्तावीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. बॉस्टनला थंडीचा कोट कसला लागेल याचा तो विचार करत होता.

"अप्पा," मागून मेरिन म्हणाली. "मी आज सकाळीच कळवून टाकलं. चर्चला निघायच्या आधी."

"शाब्बास! बॉस्टनला ना?"

"नाही. त्या खात्रीच्या जागेला."

तंकच्चनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "काय? माझ्यासाठी? त्या फ्लेक्ससाठी? अगं, जॉयकुट्टीचा फ्लेक्स मी स्वतः जाऊन फाडतो!"

"नाही हो, अप्पा. मला डॉक्टरच व्हायचंय. आणि मलाही भीती वाटते, तुमच्यासारखीच. तीन तीनदा अर्ज करायची माझ्यात हिंमत नाही. काल दिवसभर बसून मी दोन्हीकडच्या मुलांशी बोलले आणि ठरवलं."

"मग शुक्रवारी रडलीस कशाला?"

"मला स्वतःला ठरवायचं होतं. आणि तुम्ही ठरलं म्हणून आभारच मानून टाकलेत."

"अन् तो टी-शर्ट?"

"मऊ आहे."

तंकच्चनने कपाळावर हात मारला. "मग मी माईकवर एवढा गळा काढत होतो तेव्हा मला थांबवलं का नाहीस?"

मेरिन पुढे वाकली. "तुम्ही इतकं छान बोलत होता," ती म्हणाली. "मला ते सगळं ऐकायचं होतं."

सोसाम्माने आता डोळे टिपणंही सोडून दिलं. तंकच्चनचा ऊर भरून आला. पोरीने स्वतः ठरवलं होतं, आणि ठरवलं होतं तेही नेमकं त्याच्या मनातलं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

"म्हणजे आता खात्री झाली म्हणायची. आठ वर्षं बघायला नको."

"हो. फक्त त्या अटी आहेत ना, अप्पा."

"कसल्या अटी?"

"पत्राच्या अकराव्या पानावर आहेत. दर सहामाहीला गुणांची सरासरी राखावी लागते. एकदा जरी खाली आली तरी डॉक्टरकीची जागा जाते. मग सगळ्यांसारखे अर्ज करायचे."

तंकच्चनने ते पत्र शंभर वेळा वाचलं होतं, पण प्रत्येक वेळी पहिलंच पान.

"काळजी करू नका," मेरिन हसत म्हणाली. "नाही जमलं तर घर आहेच. माझी खोली माझीच आहे. तुम्हीच सांगितलंत चारशे लोकांसमोर."

"ते मी बॉस्टनसाठी म्हणालो होतो!" तंकच्चन ओरडला.

मायलेकी हसून हसून बेजार झाल्या. तंकच्चनला हसू येईना. चार वर्षं, म्हणजे आठ सहामाह्या, म्हणजे आठ निकाल. पहिला डिसेंबरात. आणि बॉस्टनला हो म्हणायची मुदत संपायला अजून साडेनऊ तास होते.