कलम अकरा : जबाबदार व्यक्तीचे नाव

मूल जन्माला यायला नऊ महिने पुरतात. त्याला परदेशी दत्तक देण्यासाठी मात्र दोन सार्वभौम राष्ट्रांचे एकमत व्हावे लागते, आणि राष्ट्रे मुलांसारखी घाईने वाढत नाहीत. पालघरच्या एका सरकारी कार्यालयातील कनिष्ठ लिपिक प्रफुल्ल याला हे मनापासून पटले होते. त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय दत्तक कराराची अवघी एकच फाईल होती : जिवली, वय पाच, मुक्काम उमरोळीचे बालगृह. उत्तरेकडच्या एका थंड देशातील शिक्षक दांपत्याने तिच्यासाठी खिडकीजवळची खोली रंगवून ठेवली होती. त्यांना मिळालेली परवानगी सहा वर्षांखालील मुलासाठी होती. तिला सहा पूर्ण होण्याआधी करार झाला, की जिवली जाणार होती.

कराराच्या तेवीसपैकी बावीस कलमे बिनतक्रार मंजूर झाली (पैकी नऊ बैठकांतील आसनव्यवस्थेविषयी होती). अडले ते अकरावे : मुलीचे पुढे काही बरेवाईट झाल्यास जबाबदार कोण? आपल्या बाजूने सात फेऱ्यांत सात उत्तरे दिली. संबंधित यंत्रणा, सक्षम प्राधिकारी, संबंधित सक्षम यंत्रणा. उरलेली चार याच शब्दांची जागा बदलून. समोरचा देश मात्र, बहुधा थंडीमुळे, एकच विचारत राहिला : नाव काय?

हा असभ्य प्रश्न दिल्लीने मुंबईस आणि मुंबईने पालघरास कळवला. पालघरला प्रफुल्लच्या खाली कोणीच नव्हते, म्हणून तो स्वतःच कागद घेऊन उमरोळीला गेला. अधीक्षकांनी विषय वाचून तत्काळ रजा घेतली. उरल्या सालवडहून कामाला येणाऱ्या गोजराबाई. त्या जिवलीची वेणी घालत होत्या.

"जबाबदार म्हंजे काय ओ, प्रफुल्लभाऊ?"

"पोरीला काही झालं, तर ज्याला विचारायचं तो माणूस, मावशी."

"मग यात सरकारला कसलं कोडं पडलंय? ताप आला की उशाशी मीच बसते. लिवा माजं नाव. सालवडचा पत्ता बी लिवा, रैवारी मी घरी असते."

"तिकडची आई भात करते का?" जिवलीने विचारले.

"नाय करत, तर तू शिकव तिला. आणि मान हलवू नको, वेणी वाकडी होती."

बाहेर कापणी झालेल्या खाचरांवर ऊन एकटेच पडले होते. प्रफुल्लने नाव लिहिले. अनुभवी लिपिकाने असे कधीच केले नसते.

थंड देशाने त्याच आठवड्यात संमती कळवली. एवढ्या तत्परतेने आपल्या बाजूस साहजिकच संशय आला. चौकशी समितीला आढळले, की रकान्यात एक प्रत्यक्ष व्यक्ती शिरली असून तिला मुलीविषयी माया आहे, म्हणजेच ती निःपक्षपाती नाही. नाव खोडण्यात आले, गोजराबाईंची बदली स्वयंपाकघरात झाली आणि जिवलीची वेणी कोणी घालावी, हा विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला. प्रफुल्लला ताकीद मिळाली. ती त्याने स्वतःच आवक नोंदवहीत चढवली.

मग आठव्या फेरीत तोडगा निघाला. लोकशाहीत अंतिम जबाबदारी जनतेची असते. तेव्हा कलम अकरामध्ये 'जनता' असे लिहावे, आणि ज्या नागरिकास हे मान्य नसेल त्याने तीस दिवसांत हरकत घ्यावी. सूचना संकेतस्थळावर झळकली. एकूण एक्केचाळीस जणांनी ती उघडली : अडतीस जण भरतीचा निकाल शोधत होते, तीन वेळा प्रफुल्लच होता (त्याला तीन जण धरण्यात आले). हरकती शून्य, सबब संमती शंभर टक्के. थंड देशानेही माघार घेतली. नाव नाही तर नाही, मूल तरी येईल, असे त्याला वाटले.

टाळ्यांच्या गजरात सह्या झाल्या. त्याच्या चार दिवस आधी जिवलीला सहावे वर्ष पूर्ण झाले होते.

ती उमरोळीलाच आहे. त्या दांपत्याने एका ओळीचे पत्र पाठवले असून, एवढा उशीर का झाला, हे जिवलीलाच सांगावे, अशी विनंती केली आहे. कलम अकरानुसार हा खुलासा जबाबदार व्यक्तीने करायचा असतो. प्रफुल्लने नोंदी पुन्हा तपासल्या. वाचक महोदय, आपलीही हरकत त्यात कुठे आढळली नाही. तरी खुलासा पंधरा दिवसांत पाठवावा. जिवली हल्ली जोडाक्षरे शिकते आहे. शक्यतो सोप्या शब्दांत लिहावे.