शेपूट छाटलेला सत्कार

माणूस खोटं बोलेल, रजिस्टर खोटं बोलत नाही. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात बत्तीस वर्षं हजेरी लिहिलेला माणूस हे सांगतोय. गेटवर सातला कोण यायचं आणि सात-दहाला येऊन "सातच लिहा की ज्ञानदेवराव" कोण म्हणायचं, हे मला अजून तोंडपाठ आहे. तेव्हा माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली की माझं डोकं वाळल्या पाचटासारखं पेटतं.

शंका घेतली तात्याबांनी. तात्याबा म्हणजे आमची सून स्वरूपा हिचे थोरले चुलते, गाव डाळज. तिचा बाप लवकर गेला, पोरीला वाढवलं यांनीच. आमच्या सौरभच्या लग्नात स्टेजवर आपला सत्कार झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. चौदा महिने झाले, गड्यानं आमच्या कऱ्हाटीत पाऊल टाकलं नव्हतं. दिवाळीचा फराळसुद्धा दुसऱ्याच्या हाती धाडला. आता स्वरूपाला सातवा महिना लागलेला, रविवारी डोहाळजेवण, आणि पोरीनं एकच धरलेलं, "तात्या आलं तरच मी पाटावर बसणार."

"येतील," मी म्हणालो. "पुरावा आहे माझ्याकडं."

पुरावा म्हणजे लग्नाचा व्हिडिओ. तो काढणाऱ्या दीपकनं पेनड्राइव्ह द्यायला तेरा महिने लावले, तेवढ्यात लावलेला ऊस तोडणीला येतो. आणि दिला तो काय अवतारात! चौदा फायली, एकीचं नाव वाचता येईल तर शपथ. नुसते आकडे, इंग्रजी अक्षरं आणि प्रत्येकीच्या मागं एक टिंब देऊन लोंबणारं एमपी-फोरचं शेपूट. व्हिडिओ बघायचा नंतर, आधी नोंद चोख पाहिजे. मी साठीला टेकल्यावर एमएस-सीआयटी पास झालोय, ब्याऐंशी मार्क. सर्टिफिकेट बैठकीत लावलंय, पाहुण्याच्या नजरेला येईल अशा उंचीवर. सगळी जुनी नावं शेपटासकट खोडली आणि शुद्ध मराठीत ओळीनं लिहिलं: एक, हळद. दोन, वरात. असं करत नऊ, सत्कार. संगणकानं प्रत्येक वेळी विचारलं, नक्की ना? मी चौदाही वेळा 'हो' दाबलं.

गुरुवारी सकाळी तात्याबा पुरावा बघायला आले. खुर्चीत बसले ते सरळ, पाठ न टेकता. मुक्तानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तांब्या-फुलपात्र पुढं ठेवलं. त्यांनी ते एका बोटानं बाजूला सारलं.

"आधी दावा. मग पानी."

चौदा महिन्यांचा राग आणि डाळजपासूनचा प्रवास, तरी पाणी नाही. मी संगणकावरची मोरपंखी शाल काढली. धूळ बसू नये म्हणून घालतो. ठेवायला जागा दिसेना, म्हणून "जरा धरा" म्हणत त्यांच्याच मांडीवर दिली आणि नऊ नंबरवर टिचकी मारली.

संगणक म्हणाला, ही फाईल कशात उघडू?

बत्तीस वर्षांत हाताखालच्या कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता. मी त्यातल्या त्यात ओळखीचं नाव निवडलं. पडदा भरला. चौकोन, प्रश्नचिन्हं, चिनी वाटावीत अशी अक्षरं, पानामागून पान.

तात्याबा पुढं वाकले. "ह्यात माजा मान कितव्या वळीला हाय?"

"तांत्रिक अडचण आहे."

"मांडवात बी तांत्रिकच हुती का?"

मी दीपकला फोन लावला आणि माईकची गरज पडू नये एवढ्या आवाजात झापलं. "फायली खराब दिल्यास."

"काका, मी स्वतः लावून बघून दिल्यात."

"मग चालत का नाहीत?"

"मशीन जुनं आसंल. ऊस कितीबी चांगला आसूं द्या, चरकात दम पायजे ना. बंद करून चालू करा एकदा."

बंद करून चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. तेवढ्या वेळात मुक्तानं पेनड्राइव्ह काढून त्यात दोनदा फुंकर मारली, पदरानं पुसला, आणि "टीव्हीला लावा की अवो" असं तीनदा सांगितलं. तात्याबांनी तांब्याकडं एकदा पाहिलं. तहान लागली होती, पण मोडतील तर ते डाळजचे कसले. पुन्हा टिचकी. पुन्हा तेच, कशात उघडू?

"निगतो मी," तात्याबा उठू लागले. "दिसायला झालं तर पायजे ना."

स्वरूपा आतून कमरेवर हात ठेवून सावकाश आली. डोळे भरलेले होते. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मामा, ह्यांची शेपटं कुणी काढली?"

"कसली शेपटं?"

"एमपी-फोर लिहिलेलं असतंय ते. त्याच्याशिवाय त्याला कळत न्हाई हा व्हिडिओ हाय का बिल हाय."

मुक्ता माझ्याकडं बघून हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. स्वरूपानं टिंब दिलं, शेपूट जोडलं, टिचकी मारली आणि आवाज सुरू झाला. चित्र मात्र काळंच. पण आवाज खणखणीत: "वधूचे चुलते श्री. तात्याबा यांचा सत्कार, माजी सरपंच दादासो यांच्या हस्ते! टाळ्या!"

मी उभाच राहिलो. "ऐकलंत? चौदा महिने एका सरळ माणसाला खोटं पाडलंत तुम्ही. नाव पुकारलं का नाही? टाळ्या पडल्या का नाही?"

"नाव तर निवडणुकीत हारलेल्याचं बी पुकारत्यात," तात्याबा म्हणाले. "मी तवा मागं तुमचीच पंगत वाढीत हुतो. शाल कुनाच्या अंगावर पडली ते दावा."

तेवढ्यात अडकलेलं चित्र हललं.

स्टेज. गर्दी. एक माणूस हात वर करून पुढं येतोय, 'तात्याबा इथं नाहीत, पुन्हा पुकारा' असं काहीतरी सांगायला. दादासोंचा चष्मा खिशात. त्यांनी पुढं आलेल्या माणसाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. त्या माणसाचं तोंड सांगायला उघडलं होतं, ते फोटोवाला दिसताच मिटलं. हात जोडले गेले, मान तिरकी झाली, आणि मग तो त्या शालीसकट पहिल्या रांगेत जाऊन बसला.

शाल मोरपंखी होती. माणूस मी होतो.

देवाशप्पथ सांगतो, शाल अंगावर पडली तेव्हा मला वाटलं, आता हा वरबापाचाच सत्कार आहे.

तात्याबांनी पडद्याकडं पाहिलं, मग सावकाश स्वतःच्या मांडीकडं. शाल उचलली, झटकली. चौदा महिन्यांची धूळ माझ्या सर्टिफिकेटपर्यंत उडाली. मग ती त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या खांद्यावर घेतली, नीट केली, आणि तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला.

"व्हिडिओ झ्याक हाय, ज्ञानदेवराव," ते तोंड पुसत म्हणाले. "रविवारी यीन. ही पांघरूनच यीन."

आले. स्वरूपा पाटावर बसली, ओटी भरली, हसली. संगणकावर आता जुनं धोतर आहे. आणि रविवारी माईकवर कुणाचंही नाव पुकारलं, की मुक्ता मागून माझा सदरा घट्ट धरून ठेवत होती.