कोळशाची रेघ

प्राचीने सकाळी सात वाजता वीस अंडी ओल्या फडक्याने लख्ख पुसली, तेव्हा आपण काही चुकीचं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. उलट तिला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. सासूबाई, म्हणजे मंदाबाई, आजारी बहिणीला बघायला तीन दिवसांसाठी दोंडाईच्याला गेल्या होत्या आणि परसातल्या सात कोंबड्या पहिल्यांदाच सुनेच्या हवाली केल्या होत्या. ठाण्यात वाढलेल्या प्राचीची अंड्यांशी ओळख दुकानातल्या ट्रेपुरती. सोनगीरला आल्यापासून मात्र सकाळचं ऊन-ऊन अंडं हातात आलं की तिला भरून यायचं. एवढे तीन दिवस निभावले की आपण या घरच्या झालो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी तर लॉटरीच लागली. चंदरी नावाची कोंबडी दाणे टिपायला उठली होती आणि तिच्या पाटीतल्या गवतात बारा अंडी! त्यातली नऊ तर काळ्या रेघोट्यांनी माखलेली. प्राचीने ती उचलली, घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या आठांत मिसळली आणि मग तिचा हात सैल सुटला. नवऱ्याच्या, राजदीपच्या साहेबांना गावरान अंड्यांची भारी हौस. चार अंडी चिंधीत गुंडाळून, डब्यात घालून राजदीपबरोबर धुळ्याला रवाना झाली. शेजारच्या कमलअक्कांनी तिला भाकरी थापायला शिकवली होती, त्यांना चार. उरलेल्या बारांतली सहा काळ्या रश्श्यात घालायची म्हणून तिने गॅसवर पाणी ठेवलं.

साडेनऊला सासरे, सुपडूआबा, परसात गेले. चंदरी ओरडत रिकाम्या गवतावर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती.

"प्राची बेटा, चंदरी काब्र वरडी राह्यनी? अंडा कोठे शेतस तिना?"

"काढली ना आबा! किती मळली होती. सगळी स्वच्छ पुसून ठेवलीत."

आबा मटकन ओट्यावर बसले. "रेघ बी पुशी टाकी?"

खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांवर कोळशाची रेघ मारायची, म्हणजे दुसरी कोंबडी मधेच तिथे अंडं घालून गेली तर ते ओळखू येतं. रेघेचं कोंबडीचं, बिनरेघेचं घराचं. हे कुणाला सांगावं लागतं, असं मंदाबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आज ईसावा दिन शे, बेटा," उबवणीचे दिवस मोजत आबा म्हणाले. "सकायले पिल्लं निंघतीन."

प्राचीने आधी गॅस बंद केला, मग तोंडाला पदर लावला आणि मग अनवाणीच कमलअक्कांकडे धाव घेतली. अक्कांचा तवा तापला होता, कांदा चिरला होता आणि एक अंडं वाटीच्या काठावर आपटायला उचललेलं होतं.

"अक्का, थांबा! ते अंडं परत द्या!"

"देल वस्तू परत मांगतस का वं?" अक्का फणकारल्या.

"त्यात पिल्लू असेल!"

अक्कांनी हातातल्या अंड्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं आणि अंडं हळूच कानाला लावलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हाई बोली राह्यनं! कान लाव!"

प्राचीने कान लावला. आतून बारीक, तक्रार केल्यासारखं 'चिवचिव' ऐकू आलं. घटकाभरापूर्वी आपण यांच्यासाठी वाटण काढत होतो, हे आठवून तिला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही आलं.

बघता बघता गल्लीतल्या साऱ्या बाया जमल्या. अंडी हातोहात कानांवरून फिरू लागली. बोलकं ते चंदरीचं, मुकं ते घराचं. अक्कांच्या चारांतली दोन बोलली, घरच्या बारांतली सहा. आठ अंडी पाटीत गेली, चंदरीने प्राचीच्या हाताला कचकचून टोचलं आणि पंख पसरून बसली. ही टोच आपल्याला मिळायलाच हवी होती, असं प्राचीला मनापासून वाटलं.

पण नववं धुळ्याला गेलं होतं.

राजदीपचा फोन एकदाचा दीड वाजता लागला. "अगं, मीच करणार होतो. साहेबांनी डबा उघडला. एका अंड्याला भोक आहे आणि त्यातून चोच बाहेर आलीय!"

"चिंधीतच राहू दे! गार होऊ देऊ नकोस!"

"गार? बाहेर त्रेचाळीस आहे! साहेबांनी पंखासुद्धा बंद करायला लावलाय. सगळं ऑफिस टेबलाभोवती घामाघूम उभं आहे."

संध्याकाळी राजदीप डब्याचं झाकण किलकिलं ठेवून घरी आला. आत ओलसर, पिवळं, जिवंत पिल्लू होतं. साहेबांनी उरलेली तीन अंडीही परत पाठवली होती. 'आज खाववणार नाहीत, रविवारी येऊन खाईन,' असा निरोप होता. अंधार पडल्यावर आबांनी पिल्लू अलगद चंदरीच्या पंखाखाली सरकवलं. सकाळपर्यंत उरलेली आठही बाहेर आली. प्राचीने आबांना, आबांनी अक्कांना आणि अक्कांनी साऱ्या गल्लीला बजावलं, की मंदाबाईंना यातलं काही सांगायचं नाही.

मंदाबाई आल्या त्या थेट परसात. पिल्लं मोजली.

"नऊना नऊ! शाब्बास, पोरी." मग त्या एका जांभळ्या पायांच्या पिल्लापाशी वाकल्या. "पन याना पाय जांभया काब्र शेतस?"

प्राचीने आबांकडे पाहिलं. आबा एकदम आभाळाकडे बघू लागले.

"ते... साहेबांच्या शिक्क्याच्या शाईवरून चालत गेलं, आई," म्हणत प्राचीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

मंदाबाई चुलीपाशी गेल्या, एक कोळसा घेऊन आल्या आणि सुनेच्या तळहातावर ठेवला.

"तांबडी बी खुडूक व्हयनी शे. आते रेघ तू मार."

प्राचीने दहा अंड्यांवर इतक्या जाड रेघा मारल्या की अंड्यांचा मूळ रंगच दिसेना. मग बिनरेघेची तीन उचलून तिने एकेक कानाला लावलं. तिन्ही गप्प होती. "देवा रे, उपकार झाले," असं पुटपुटत तिने रश्श्याला पाणी ठेवलं.