पिसाळ सरांची स्वप्नं

पिसाळ सर आमच्या कॉलेजची व्हॉलीबॉल टीम स्वप्नात निवडायचे. मी हे अलंकारिक वगैरे बोलत नाहीये. मॅचच्या दिवशी सर हॉलवर आले की आधी बूट बदलायचे, मग बाकावर बसायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचे, “काल स्वप्न पडलं.” की आम्ही चौदा पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभी.

“नेट बांधलं होतं ओढ्यावर,” सर सुरू करायचे. “या काठावर तीन, त्या काठावर तीन. धुकं एवढं, की बॉल आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. कॉनर पलीकडच्या काठावर होता, अंगात पांढरा सदरा. त्यानं उडी मारली ती मारलीच. खाली यायलाच तयार नाही गडी.”

मी मराठीत सांगतोय. सर सांगायचे इंग्रजीत, पण ते इंग्रजी कराडमार्गे आलेलं असल्यामुळे फारसा फरक पडत नाही.

स्वप्नात जो खेळला तो आज खेळणार. जो दिसला नाही, तो बाकावर. यावर अपील नव्हतं. “मी तरी काय करू? दिसलाच नाहीस,” असं सर इतक्या काकुळतीला येऊन म्हणायचे, की वगळलेला पोरगाच त्यांची समजूत काढायचा. कॉनर म्हणजे सहा फूट चार इंच उंचीचा शेतकऱ्याचा मुलगा, आमचा सगळ्यात मोठा भिडू. पण मॅचच्या सकाळी त्याचासुद्धा सरांना मेसेज जायचा, “वॉज आय इन इट, सर?”

सर मूळचे कराडच्या एका कॉलेजातले फिजिकल डायरेक्टर. बायको डॉक्टर. तिला आयर्लंडमध्ये ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सर पन्नाशीत तिच्यामागोमाग इथे आले. इथे त्यांच्या सर्टिफिकेटांना कुणी विचारलं नाही. दिवसा ते स्वोर्ड्स गावाजवळ एका गोदामात शिफ्ट करत आणि संध्याकाळी बसने आमच्या कॉलेजात येत. पहिल्या वर्षी त्यांनी ‘व्हॉलीबॉल शिकवले जाईल’ अशी नोटीस लावली, तेव्हा तिघं आले. त्यातला एक टेबल टेनिसचा हॉल शोधत होता. सरांनी त्याला जाऊ दिलं नाही. तो आमचा सेटर झाला.

बॅडमिंटनवाल्यांच्या हातापाया पडून आठवड्यातून दोन तास हॉल मिळाला. नेट सरांनी स्वतः शिवलं. पहिल्या वर्षी टीम सगळ्या मॅच हरली. दुसऱ्या वर्षी एक जिंकली, तीही समोरच्यांची बस चुकली म्हणून. सर मात्र दर आठवड्याला नवं स्वप्न घेऊन येत राहिले, आणि पोरं ते ऐकायला येत राहिली. मी आलो तोवर पाचवं वर्ष होतं आणि आमच्या कॉलेजचं नाव ऐकलं की समोरचे लोक जरा गंभीर व्हायला लागले होते.

सर कधी ओरडायचे नाहीत. ज्याचं जे चुकलं असेल, ते त्यांच्या स्वप्नात चुकलेलं असायचं. प्योतर नावाचा एक पोलिश मुलगा स्मॅश मारून झाला की आपली कलाकृती बघत तिथेच उभा राहायचा. त्याला सर एकदा म्हणाले, “प्योतर, काल तू स्वप्नात मागे पळालाच नाहीस. सगळी पळाली, तू नेटपाशी कणसं खात उभा. मला फार वाईट वाटलं बघ.” प्योतरचा चेहरा उतरला. “सॉरी सर,” तो म्हणाला, “इट वोन्ट हॅपन अगेन.” दुसऱ्याच्या स्वप्नात केलेल्या चुकीची माफी मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि खरोखर, त्यानंतर तो मागे पळायला लागला.

माझं म्हणाल तर, मी सरांच्या प्रत्येक स्वप्नात असायचो. बाकावर.

“तू बसला होतास, ओंकार,” सर सांगायचे. “पण तुझ्यावर ऊन पडलं होतं. बाकी सगळीकडे ढग, आणि तुझ्या बाकावर तेवढं ऊन.” आयर्लंडमध्ये याची किंमत फार. कॉनर मला म्हणाला होता, “यू’र ग्रँड, मॅन. आय’म फ्रीझिंग इन दॅट रिव्हर.”

दोन वर्षं मी एकही प्रॅक्टिस चुकवली नाही आणि एकही पॉइंट खेळलो नाही. तरी मला त्या हॉलची ओढ लागली होती. बाहेर चार वाजताच अंधारून यायचं, काचांवर पावसाची बारीक बुरबुर, आत पिवळे दिवे आणि सरांचा तो संथ आवाज. ओढा, धुकं, पाण्यावरून तरंगत येणारा बॉल. हळूहळू ती स्वप्नं आम्हालाही पडायला लागली. मी कितीदा तरी झोपेत त्या काठावर उभा राहिलोय. बॉल येतोय, येतोय, अगदी सावकाश, आणि मला कसलीच घाई नाही. प्योतरला तर सरांचं स्वप्न सरांच्या आधी पडलं, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो, आणि नेमके त्याच पंधरवड्यात बाबा आले. मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, शॅननला नोकरी लागली होती. तिकडे जाण्याआधी पोरगा राहतो कुठे, खातो काय, हे बघायला ते फलटणहून एकटेच आले. मोटार रिवायंडिंगचं त्यांचं दुकान आहे. टीमच्या जर्सीतला माझा फोटो मी पहिल्या वर्षी घरी पाठवला होता, तो त्या दुकानात लावलेला आहे. बाबांनी फोनवर विचारलं होतं, “टीममध्ये हाईस नव्हं?” मी म्हणालो, “हो.” तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, “चार नंबरला खेळतो.” आता बाबा गॅलरीत बसणार होते. मला त्या फायनलमध्ये एक, फक्त एक पॉइंट खेळायला मिळावा, म्हणून मी काय वाटेल ते करायला तयार होतो.

म्हणजे, सरांच्या स्वप्नात वशिला लावायलासुद्धा.

टीमच्या जर्सी आणायच्या निमित्ताने मी आदल्या रविवारी ड्रोहेडाला सरांच्या घरी गेलो. सर दुकानात गेले होते. काकूंनी चहा टाकला. मी चाचरत म्हणालो, “काकू, सरांच्या स्वप्नांवर काही... म्हणजे झोपायच्या आधी कुणी माझं नाव काढलं, तर फरक पडतो का?”

काकूंनी गॅस बंद केला आणि त्या माझ्याकडे बघून हसायला लागल्या. “अरे, त्या माणसाला कसली स्वप्नं! पाठ टेकली की सकाळपर्यंत ओंडका. लग्नाला तीस वर्षं झाली, एक स्वप्न पडल्याचं मला आठवत नाही.”

“मग ओढा? धुकं?”

“लिहितो. बसमध्ये बसून लिहितो.” त्यांनी प्रेस उघडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काकू आता तसंच म्हणतात. डाळींच्या डब्यांमागे शंभरपानी वह्यांची चळत होती. वरची वही त्यांनी माझ्यापुढे टाकली.

स्वप्नंच स्वप्नं. खाडाखोड केलेली, बाण काढून वाक्यं पुढेमागे केलेली. एका पानावर माझं नाव होतं. ‘ओंकार बाकावर. बाक झाडाखाली.’ त्यावर काट. ‘झाडाखाली नको. एकटा वाटेल.’ मग, ‘बाक नदीकडे तोंड करून.’ त्यावरही काट. आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, ‘उन्हात.’

मला आधी राग आला. म्हणजे स्वप्नाने नव्हे, सरांनीच मला दोन वर्षं बसवलं होतं. मग ते खोडलेलं झाड पुन्हा दिसलं आणि राग धरता येईना.

“तोंडावर ‘तू नाहीस’ म्हणता येत नाही त्याला,” काकू म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. “शाळेत असताना जिल्ह्याच्या निवडीला गेला होता, साताऱ्याला. सासरे सोबत. नवे कॅनव्हासचे बूट घेऊन दिलेले. यादी वाचली, त्यात नाव नाही. हा विचारायला गेला, तर कोच सगळ्यांसमोर म्हणाला, तू कामाचा नाहीस. परत येताना सासरे गावापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढे तो विषय घरात कधी निघाला नाही, आणि मग सासरेही गेले. याला अजून वाटतं, बापाला आपली लाज वाटली.”

फायनलच्या दिवशी मी सरांना हॉलच्या दारातच गाठलं. “सर, आज माझ्यापुरतं स्वप्न नको. सरळ सांगा. मी वही बघितलीय.”

सरांनी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाले, “नाहीस, लेका. बॉल आला की तू डोळे मिटतोस.”

“बरं, सर.”

“वडील आलेत ना तुझे?” त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. पांढरी टोपी घातलेले बाबा पहिल्याच रांगेत बसले होते. सरांचा चेहरा पार उतरला. “आपण पुढे असलो, तर शेवटी एक-दोन पॉइंट घालतो तुला,” ते म्हणाले.

निवांत पुढे असायची वेळच आली नाही. मॅच पाचव्या सेटपर्यंत ओढत गेली. चौदा-तेरावर कॉनरने उडी मारली, आणि मी शपथेवर सांगतो, तो बराच वेळ खाली आला नाही. बॉल समोरच्या कोपऱ्यात पडला. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली, कुणी रडत होतं, कुणी नेटला मिठी मारत होतं.

सर तिकडे गेलेच नाहीत. ते गॅलरीचे जिने चढत होते. मी धावलो, पण उशीर झाला होता.

“मी पिसाळ,” सर बाबांसमोर उभे राहून म्हणाले. “तुमच्या मुलाला खेळवलं नाही. चूक माझी नाही, त्याचीही नाही. त्याला खेळ येत नाही. पण दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही तो. तुम्ही त्याला काही बोलू नका.”

मी मान खाली घातली. चार नंबरचा खेळाडू तिथेच संपला होता.

“आवं, मला म्हाईत हाय की,” बाबा म्हणाले. “ल्हानपनापासनं बॉल आला की डोळं झाकतंय ह्ये. आमी अंगनात लई बगितलंय.”

“मग एवढ्या लांब आलात ते?”

“पोरगं हितं हाय, म्हनून आलो. खेळतंय का बसतंय, त्येचं काय?”

सर बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “एक विचारू? पोराला टीममध्ये घेतलं नाही. बाप सोबत होता. आणि घरी जाईपर्यंत बाप एक शब्द बोलला नाही. तर अशा वेळी बापाच्या मनात काय असतं?”

काकूंनी मला सांगितलेली गोष्ट बाबांना माहीत नव्हती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नीट विचार केला.

“काय बोलावं त्येच सुचलं नसंल त्येला,” ते म्हणाले.

खाली पोरं कप उंच धरून “सर! सर!” म्हणून ओरडत होती, सरांना ते ऐकू येत नव्हतं.

“सुचलं नसेल, म्हणता?”

“दुसरं काय असनार? पोराचं त्वांड बगून बापाचंबी आतडं तुटतंच की.”

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाबांनी मला डोळ्यांनीच खूण केली, तू जा खाली, आणि खुर्ची सरकवून ते सरांच्या आणखी जवळ बसले.