डॉक्टरांचं बोट

दाढ दुखायला लागल्याच्या चौथ्या दिवशी इन्स्पेक्टरांचा उजवा गाल एवढा सुजला की चष्मा एका बाजूने वर उचलला गेला.

"मी डॉक्टरांना फोन केलाय," बायको म्हणाली. "अकराला बोलावलंय."

"कुठल्या डॉक्टरांना?"

"वरच्या मजल्यावरच्या. दातांचे दुसरे डॉक्टर आहेत कुठे इथे?"

इन्स्पेक्टर मटकन खुर्चीत बसले. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांना पाहून भल्याभल्या दुकानदारांचे तराजू सरळ होत. पण खात्याच्या वार्षिक आरोग्य तपासणीत रक्त काढायची वेळ आली की साहेब नेमके दौऱ्यावर असत. सुई त्यांना चित्रातसुद्धा बघवत नसे.

आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर देव मानत नव्हते. तीन वर्षं जिन्यात दोघांचा वाद चालला होता. गेल्याच महिन्यात इन्स्पेक्टर छाती पुढे काढून म्हणाले होते, "डॉक्टर, आम्हा विश्वासणाऱ्यांना मरणाचीसुद्धा भीती नसते!" इंजेक्शनबद्दल तेव्हा काही बोलणे झाले नव्हते.

"आपण दुसऱ्या गावी जाऊ," ते आता म्हणाले.

"अहो, चर्चच्या मंडळीतले वडील ना तुम्ही? पाळकसाहेब रविवारी काय म्हणाले? बाहेरची माणसं आपलं बायबल वाचत नाहीत, आपल्याला वाचतात."

"मग आजचा दिवस मला मिटून ठेव."

अकरा वाजता ते दवाखान्यात होते. बाकावर सात-आठ वर्षांची एक मुलगी आईचा पदर तोंडात कोंबून बसली होती. काही केल्या तोंड उघडायला तयार नव्हती. इन्स्पेक्टरांना पाहताच डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"हे बघ बाळ, हे काका आले ना, यांना कशाचीच भीती वाटत नाही. त्यांनी मला स्वतः सांगितलंय. मी दार उघडं ठेवतो. तू बघ त्यांच्याकडे, मग तुझा नंबर. चालेल ना हो, काका?"

मुलीने पदर तोंडातून काढला. तिची आई आशेने पाहू लागली. इन्स्पेक्टरांनी वर उचललेला चष्मा सरळ केला.

"चालेल की," ते म्हणाले.

खुर्ची मागे झुकली. तोंडावर दिवा आला. डॉक्टरांनी रबराचा एक ठोकळा हातात घेतला.

"घाबरणाऱ्या पेशंटच्या दातांत मी हा अडकवतो. तोंड मिटत नाही मग. तुम्हाला लावू?"

हो म्हणायचे एवढेच काम होते. पण दारात ती मुलगी उभी होती आणि डॉक्टर मिशीत हसत होते.

"छे! मला कशाला?"

डॉक्टरांनी ठोकळा ट्रेमध्ये टाकला, डाव्या हाताच्या बोटाने गाल बाजूला ओढला आणि उजव्या हातातली सुई आत आणली. इन्स्पेक्टरांनी डोळे घट्ट मिटले. डोळ्यांबरोबर तोंडही मिटले.

डॉक्टर असे काही ओरडले की खालून इन्स्पेक्टरांची बायको पळत वर आली. सिरिंज फरशीवर पडली. मुलगी जिन्याकडे धावली आणि तिची आई तिच्या मागे. इन्स्पेक्टरांनी तोंड उघडले तेव्हा हातमोजा फाटलेला होता आणि बोटातून रक्त येत होते.

"माणसाचा चावा वाईट असतो, सर," स्वागतिका म्हणाली. "समोरच्या डॉक्टरबाईंकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या."

"काही गरज नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. "पट्टी बांधली की झालं."

"सर, पेशंटला तुम्ही काय सांगता?"

डॉक्टर पांढरेफटक पडले. बोट पाहून नव्हे, हे फक्त इन्स्पेक्टरांना कळले. तसला चेहरा ते दर वर्षी दौऱ्यावर निघताना आरशात पाहत असत.

"चला," ते म्हणाले. "मी येतो बरोबर."

समोरच्या दवाखान्यात बाई सिरिंज भरू लागल्या. डॉक्टर स्टूल मागे सरकवत सरकवत भिंतीला टेकले.

"डॉक्टर," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले, "मी खोटं बोललो. मला सुईची भीती वाटते. भयंकर. ठोकळा घेतला असता तर तुमचं बोट वाचलं असतं. मला क्षमा करा."

"देवाला सांगितलं नव्हतं का?"

"सकाळपासून सांगत होतो. भीती काही गेली नाही. तशीच घेऊन आलो."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "तीन वर्षांत तुमचं हे पहिलं वाक्य मला पटलं." बाईंनी कापसाला स्पिरिट लावले. त्या वासाने डॉक्टरांनी इन्स्पेक्टरांचा हात गच्च पकडला. "ते तुमचं... प्रार्थना वगैरे... म्हणा काहीतरी. हळू म्हणा, बाई माझ्या ओळखीच्या आहेत."

इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले आणि सुजलेल्या गालाने जेवढी जमेल तेवढी प्रार्थना सुरू केली.

"झालं," बाई म्हणाल्या.

"थांबा हो," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "अजून आमेन व्हायचंय."

परत आल्यावर इन्स्पेक्टर निमूटपणे खुर्चीत बसले आणि स्वतःहून म्हणाले, "ठोकळा लावा." पण डॉक्टरांनी आपले बोट वर धरले. पट्टीने ते अंगठ्यापेक्षा जाड झाले होते.

"या हाताने जबडा धरल्याशिवाय दाढ निघणार नाही. गोळ्या देतो. बोट बरं झालं की लगेच काढू. आजचे सगळे पेशंट रद्द."

जिन्यात ती मुलगी भेटली. तिचाही नंबर रद्द झाल्याचे तिला नुकतेच कळले होते. तिने इन्स्पेक्टरांकडे अपार कृतज्ञतेने पाहिले.

"काका, तुम्ही माझ्यासाठी चावलात?"

"नाही गं बाळ. घाबरून चावलो."

संध्याकाळी दोघे नवरा-बायको प्रार्थनेला बसले. इन्स्पेक्टरांनी डॉक्टरांच्या बोटासाठी मनापासून विनवणी केली. जखम चिघळू नये, पू होऊ नये, ठणका लागू नये, डॉक्टरांना शांत झोप लागावी. बायको आमेनची वाट पाहत होती. आमेन येईना.

"काय झालं?" तिने एक डोळा उघडून विचारले.

"काही नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि कसेबसे पुढे म्हटले, "आणि प्रभू... ते लवकर बरं कर."